न मारणारा कॅचर

आमच्या बेसबॉल संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा, ऑरिन पेल्की बॅट घेऊन निघाला, की लोक हॉटडॉग आणायला उठायचे. "जरा मारणारा कॅचर आणा की!" असं आमच्या कोचला येताजाता सुनवायचे. माझं डोकंच फिरायचं. अरे, चेंडू टाकणारा मी, मला विचारा ना!

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात आम्ही एका धावेने पुढे होतो. एकच गडी बाद करायचा होता, पण त्यांचा माणूस तिसऱ्या बेसवर टपून बसला होता. ऑरिनने मांडीआडून बोटांनी खूण केली: मातीत आपटणारा टाक. असा चेंडू कॅचरच्या मागे गेला, की तिसऱ्या बेसवरचा पळत येऊन बरोबरी करणारच. दुसरा कोणी असता तर मी मान हलवून नकार दिला असता. ऑरिन होता, म्हणून बिनधास्त टाकला.

फलंदाजाचा फटका तिसऱ्यांदा हुकला, पण चेंडू थेट झेलला गेला नाही, तर त्याला पहिल्या बेसकडे पळता येतं. चेंडू मातीतून उसळला. ऑरिनने तो अंगावर घेतला, पुढ्यात पडलेला उचलला आणि पळू पाहणाऱ्या फलंदाजाला टेकवला. बाद! जिंकलो!

रिवाजाप्रमाणे तो चेंडू मला मिळाला. कपडे बदलताना मी तो ऑरिनपुढे धरला. "हा तुझा आहे, बाबा."

"ठेव रे तुला," तो हसला. "मला माझा मिळालाय."

त्याने बाही वर सारली. दंडावर चेंडूची शिवण टाक्याटाक्यानिशी उमटली होती.