माझा काळा चिकटा

मी एक जुना वाफा आहे, मित्रांनो. पण माझ्यात वांगी-मिरच्या शोधू नका. बोईसरहून वाणगावकडे जाताना आतल्या बाजूला एक पाडा लागतो, त्याच्या उतारावर मी असतो. पोटात खडी, डोक्यावर कर्दळ. पाड्यातल्या साठ घरांचं सांडपाणी आधी एका हौदात थांबतं, गाळ खाली बसतो, मग ते माझ्याकडे येतं. मी ते खडीतून हळूहळू झिरपवतो आणि ओहोळात सोडतो. ओहोळ पुढे नदीला मिळतो.

माझी खरी कमाई म्हणजे खडीवरचा काळा, बुळबुळीत चिकटा. दिसायला किळसवाणा, कबूल! पण त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि पाण्यातली घाण तेच खातात. तो बसायला सहा महिने लागले. तोवर मी नुसता दगडांचा ढीग होतो.

ओहोळाच्या काठी वाळूत पाड्यातल्या बुधीबायचा डवरा आहे, पाण्यासाठी उकरलेला हातभर खोल खड्डा. उन्हाळ्यात बोअर आटली की तिचं घर त्याच पाण्यावर चालतं.

माझी निगा चिंधूकडे. बोईसरच्या एका कारखान्यात बारा वर्षं झाडलोट केलेला माणूस. तिथे फरशीत तोंड दिसलं नाही तर साहेब खेकसायचे. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या पाहणीला सरकारी साहेब येणार असा निरोप आला आणि चिंधूने कंबर कसली. कर्दळ उपटली. खडी बाहेर काढून ब्लीचिंग पावडरने घासली. कडेला चुनासुद्धा मारला! मी काय बोलणार? साहेबांनी फोटो काढले, चिंधूची पाठ थोपटली. एवढं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं, आणि तेव्हा मी मेल्यात जमा होतो.

आठवडाभरात बुधीबाय डवऱ्यातल्या पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"चिंधू, वास घे याचा. नातीचं पोट तीन दिस बिघडलंय."

"पन बाय, मी तर सगला घासून काडला!"

"आनि तो काला चिकटा?"

"धुतला."

बुधीबायने कपाळाला हात लावला. "अरे, मडक्यातलं इरजणच धुऊन टाकलंस! आता दही लागल कसं?"

चिंधूचं तोंड एवढंसं झालं. त्याच दिवशी त्याने माझं पाणी ओहोळाऐवजी शोषखड्ड्याकडे वळवलं. रोज सकाळी खालच्या गावातून दोन हंडे आणून तो बुधीबायच्या दारात ठेवू लागला. पलीकडच्या पाड्यातही माझ्यासारखाच एक वाफा आहे. तिथून त्याने घमेलंभर काळी खडी डोक्यावर आणली. गाळ कानामागून ओघळत होता, लोक हसत होते, हा आपला चालतोय! ते विरजण त्याने माझ्या पोटात पसरलं, कर्दळ पुन्हा लावली. मला फार बरं वाटलं.

नात बरी झाली. चिकटा धरायला मात्र दिवाळी उजाडली. मग पाणी पुन्हा ओहोळात सुटलं. यंदाच्या उन्हाळ्यात बुधीबायने डवऱ्याचं पाणी गाळलं, उकळलं. पेला नातीकडे जाणार तोच चिंधूने हात पुढे केला.

"आदी मी पितो, बाय. चूक माजी हाय."

तो घोट घेईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

मित्रांनो, माझा हौद उपसा, कर्दळ छाटा, पण खडीला हात लावू नका. आणि पाहणीला साहेब आले तर त्यांना माझ्यापाशी थांबवू नका. सरळ बुधीबायच्या डवऱ्यावर न्या.