नेट चालू असेल तेव्हा फोन करू नका

माझ्या खोक्यात पाच वस्तू होत्या: मी, बॅटरी, चार्जर, एक आखूड केबल आणि छापील माहितीपुस्तिका. मित्रांनो, मी बटणांचा एक जुना मोबाइल आहे. वय पंधरा वर्षं. बटणं अठरा, त्यांतली सोळा अजून चालतात. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलं होतं: इंटरनेटचा वेग सेकंदाला २३६.८ किलोबिटपर्यंत. त्यातल्या ‘पर्यंत’ या शब्दाचा अर्थ मला पुढे हळूहळू कळत गेला.

मला करुणाने घेतलं. तेव्हा ती शहरात, गारखेड्याला खोली घेऊन बी.एस्सी. करत होती. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. मैत्रिणीच्या लॅपटॉपला ती मला केबलने जोडायची, एकच फाइल दहा वेळा उतरवायची आणि प्रॅक्टिकलच्या वहीत मागच्या पानावर रीडिंग लिहायची. गारखेड्यात सकाळी सहाला सरासरी ९४ किलोबिट, संध्याकाळी ३१. सिल्लोडपासून सात किलोमीटरवरच्या तिच्या गावी घरात १९, गच्चीवर ४२. मी आळशी नव्हतो. टॉवरपाशी तेव्हा माझ्यासारख्यांची रांग असायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं यायचं.

माझ्यात एक उणीव मात्र होती. बोलणं आणि नेट ही दोन कामं मला एका वेळी जमत नसत. फोन आला की नेट जागच्या जागी थांबायचं.

या उणिवेने एकदा करुणाला रडवलं. एम.एस्सी.च्या प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता आणि ती गावी होती. सिल्लोडच्या नेट कॅफेत वीज नव्हती. ती मला घेऊन गच्चीवर बसली. फोटो, सही आणि गुणपत्रिका मिळून तीनशे किलोबाइट पाठवायचे होते, म्हणजे चोवीसशे किलोबिट. पाठवण्याचा माझा वेग होता वीस. हिशेब सरळ होता. तिला फक्त दोन मिनिटं हवी होती, पण सलग.

तिचे वडील सांडूबाबा सिल्लोडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांनी मोठ्या कौतुकाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज पोरीचा फॉर्म आहे. झालं. गंगापूरच्या आत्याचा फोन आला, “जय भीम, भरला का फॉर्म?” नेट थांबलं, साइट म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. करुणाने पुन्हा सुरुवात केली. सव्वा मिनिटाने मामांचा फोन. मग परत आत्या, कारण मघाशी तिला नीट ऐकू आलं नव्हतं. दोन घरं सोडून राहणाऱ्या मुख्तार टेलरनेही मशीनवर बसल्या बसल्या फोन लावला. त्या दुपारी मी अकरा फोन घेतले आणि एकही फाइल पोचवली नाही. फोन थोपवायची सोय माझ्यात होती, पण ती मेनूत पाच पायऱ्या खाली होती आणि मला सांगता येत नव्हतं.

शेवटी सांडूबाबा स्वतः निघाले. मुख्तारभाईंना दारात जाऊन सांगितलं, तिथूनच मुख्तारभाईंच्या फोनवरून नातेवाइकांना एकेक करून कळवलं की कुणी फोन करायचा नाही. मग ते गच्चीच्या जिन्याशी येऊन उभे राहिले. दोन मिनिटं दहा सेकंदांनी अर्ज गेला.

करुणाला पुण्यात प्रवेश मिळाला. तिने नवा फोन घेतला आणि जाताना मला वडिलांच्या हातात दिलं. एस.टी.त चढता चढता ती म्हणाली, “बाबा, माझं नेट चालू असेल तेव्हा फोन करू नका, काम तुटतं. मीच करत जाईन.”

मित्रांनो, हे वाक्य मी नीट ऐकलं. सांडूबाबांनी माझ्यापेक्षा नीट ऐकलं.

पुढे तिला पुण्यातच नोकरी लागली. हवामानाच्या नोंदी कॉम्प्युटरवर तपासायचं काम. सांडूबाबांनी मुख्तारभाईंच्या सुमय्याला विचारलं, असली माणसं नेटवर किती वेळ असतात गं? सुमय्या हसून म्हणाली, “चाचा, आजकल सब चौबीस घंटे नेटपेच रहते.” सांडूबाबांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी लेकीला फोन करायला वेळच उरली नाही.

दर रविवारी तिचा फोन यायचा. ते जेवलो म्हणायचे, तब्येत ठीक म्हणायचे आणि पन्नास सेकंदांच्या आत “ठेव माय, काम खोळंबंल तुझं” म्हणून तोडायचे. ती समजायची, बाबांना फोनवर बोलायला आवडत नाही. मी दोघांच्या मधे होतो आणि दोघांचंही मला कळत होतं. करुणाची आई केव्हाच वारली होती. जिनिंगचं काम सुटल्यावर घर आणखी शांत झालं. रोज संध्याकाळी चहा झाला की ते मला हातात घ्यायचे, तिचं नाव काढायचे, त्याच्याकडे बघत बसायचे आणि मागे जायचं बटण दाबायचे. तेवढं एक बटण मात्र पार झिजून गेलं.

टॉवरवरही माझं कुणी राहिलं नाही. माझ्या पिढीचे फोन एकेक करून गेले आणि नवे वेगळ्या लहरींवर बोलतात. एकदा चौदा एप्रिलला घरी आली असताना करुणाने गंमत म्हणून गच्चीवर माझा वेग पुन्हा मोजला. सरासरी १७१ किलोबिट. इतका वेग मला तरुणपणी कधी मिळाला नव्हता. रांगेत आता मी एकटाच उभा होतो.

या जानेवारीत सांडूबाबांना ताप भरला. पहिल्या दिवशी त्यांनी तिचं नाव काढलं आणि मागे आले. दुसऱ्या दिवशी तीनदा काढलं, तीनदा मागे आले. तिसऱ्या दिवशी मी उशाशी होतो, पण त्यांचा हात माझ्यापर्यंत पोचला नाही. माझ्यात तिचा नंबर होता, चार्ज होता, टॉवर होता. स्वतःचं बटण मला दाबता येत नाही. दुपारी मुख्तारभाई दार ढकलून आत आले, त्यांनी रिक्षा बोलावली, सिल्लोडला दवाखान्यात नेलं आणि आपल्या फोनवरून करुणाला कळवलं. ती रात्रीपर्यंत पोचली.

ताप उतरून ते घरी आल्यावर तिने विचारलं. आवाज चढला होता. “तीन दिवस, बाबा. एक फोन करवला नाही? माझ्यावर एवढा कसला राग?”

“राग कशाचा, माय? तूच म्हणली व्हतीस, नेट चालू असलं की फोन करू नका. तुझं नेट तर कायमच चालू ऱ्हातं.”

मुख्तारभाई दारात होते. ते म्हणाले, “अरे सांडूभाऊ, बेटी है वो. सरकारी दफ्तर थोडी है, के टाइम देखके जाना.”

मग तिने बारा वर्षांपूर्वी केलं असतं तसंच केलं. मोजून दाखवलं. आपल्या फोनवर वेग मोजायला लावला: १४.२ मेगाबिट. मला त्यांच्या हातात देऊन अंगणात जायला सांगितलं आणि म्हणाली, लावा फोन.

“तुटलं तर?”

“तुटू द्या.”

त्यांनी हिरवं बटण दाबलं. घरात तिचा फोन वाजला, तिने उचलला आणि बोलता बोलताच पुन्हा मोजलं: १३.९. तिने आकडा बाहेर आणून दाखवला. सांडूबाबांनी तो पाहिला नाही. ते कानाला मला धरून तिच्याकडे बघत राहिले. समोर उभी होती तरी ती फोनमध्येच बोलली, “माझी चूक आहे बाबा. अडचण केव्हाच संपली होती. मी तुम्हाला सांगितलंच नाही.”

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझं काम संपत आलं आहे. एवढंच मागतो: आपल्या माणसाला एखादी मनाई केली असेल, तर तिचं कारण संपल्यावर जाऊन सांगा. ती माणसं आपणहून विचारत नाहीत. ती पाळत राहतात.

करुणा पुण्याला परत गेली. सोमवारी सांडूबाबांनी पहिल्यांदा स्वतः फोन लावला आणि सवयीने एकोणपन्नास सेकंदांत ठेवला. काल चहा झाल्यावर त्यांनी पुन्हा लावला. नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं, सुमय्याच्या लग्नाचं सांगितलं, मग तिच्या आईबद्दल काही सांगितलं, जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर माझ्या पडद्यावर नेहमीसारखी ओळ आली.

कालावधी: ३८ मिनिटे १२ सेकंद.