गोठलेल्या शॅननवरचा नवरदेव

१७४० साल म्हटलं की आमच्याकडची माणसं टोपी काढतात आणि गप्प होतात. मी मात्र आधी हसतो आणि बायकांच्या शिव्या खातो. काय करू, त्या वर्षाच्या सुरुवातीसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

थंडी अशी, की छपराच्या भोकातून निघालेला धूर तिथंच कडक व्हायचा. माझी आई तो चिमट्यानं मोडून अंगणात रचून ठेवायची. बदकं फावड्यानं सोडवून आणावी लागत. आणि शॅनन नदी, जी कधी कुणासाठी थांबली नव्हती, ती थांबली. काठापासून काठापर्यंत पांढरा रस्ता. आम्ही तिच्यावर काठ्या-चेंडू खेळलो, मेंढी भाजली, नाचलो.

पलीकडच्या काठावर लॉख्लिन नावाडी राहायचा. बायको गेलेली, उजवा खांदा निकामी, त्यामुळे वल्ही त्याच्या मुलीच्या हातात, साईव्हच्या. नाताळ सरला की सोयरिकीची बोलणी सुरू होत आणि लॉख्लिन येईल त्याला एकच उत्तर देई, "होडी कोण वल्हवणार?"

माझा मित्र फर्गल तिच्यासाठी झुरत होता. पण त्याला पाण्याची भयंकर भीती. तिचं रूप त्यानं पाहिलं ते काठावरूनच. होडीत बसला की तो डोळे मिटून घ्यायचा.

बर्फ धरल्यावर आम्ही पायी पलीकडे गेलो. रिवाजाप्रमाणे बोलणारा मी, आणि काखेत घरी गाळलेल्या व्हिस्कीची बाटली.

"बसा," लॉख्लिन म्हणाला. "बाटलीला मी कधी नाही म्हणत नाही. बाकीच्याला म्हणतो."

"काका, होडी तर बंदच आहे. मग पोरीला अडकवून काय मिळवताय?"

"बर्फ आज आहे, उद्या नाही."

"आणि राहिला तर?"

त्यानं एक मोठा घोट घेतला. "उपासकाळाच्या आदल्या मंगळवारी हा आपल्या पायांनी नदी ओलांडून आला, तर त्याच दिवशी लग्न. होडीतून आला तर आल्या वाटेनं परत."

"बाबा, शुद्धीत बोलताय ना?" चुलीपाशी बसलेल्या साईव्हनं विचारलं.

"अजून अर्धी बाटली शुद्धीत आहे मी."

त्याला नदी ठाऊक होती. इतका टिकणारा बर्फ त्यानं जन्मात पाहिला नव्हता. आणि चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला की लग्नं बंद. मग थेट पुढच्या नाताळानंतर.

मग जी मजा सुरू झाली! लॉख्लिन दिवसा मासे बघायच्या नावाखाली कुऱ्हाडीनं बर्फाला भोकं पाडायचा. संध्याकाळी साईव्ह त्यांवर बादल्या ओतायची. सकाळी बर्फ आणखी जाड. दोन्ही काठ थंडी टिकावी म्हणून प्रार्थना करू लागले. पाद्रीबाबासुद्धा, कारण लग्नाचं जेवण त्यांना सुटत नसे.

बटाट्यांकडे कुणी पाहिलं नाही. ते नेहमीसारखे शेतात ढीग करून, वीतभर मातीखाली झाकलेले. आमच्याकडचा हिवाळा त्याखाली कधी गेलाच नव्हता.

मुदतीच्या आदल्या सोमवारी वारा फिरला. मंगळवारी सकाळी बर्फ व्यायला आलेल्या गाईसारखा कण्हत होता.

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी ती माझ्याकडे बघेलच असं नाही," फर्गल म्हणाला आणि निघाला. मी मागून, जरा अंतर राखून. माझं वजन त्याच्या दुप्पट.

मध्यावर बर्फ फाटला होता. भेग उडीच्या आवाक्याबाहेरची होती आणि तिच्यातून काळं पाणी धावत होतं. फर्गलनं ते पाहिलं आणि डोळे मिटले.

"परत जा, गाढवा," पलीकडून लॉख्लिन ओरडला.

"नाही जात, काका."

"बुडशील."

"डोळे मिटलेत. मला कळणार नाही."

साईव्ह बर्फावर धावली. लॉख्लिननं तिला मागं ओढलं. मग होडीत चढायची लांब फळी त्यानं धड हातानं फरफटत आणली आणि भेगेवर टाकली.

"उघड डोळे आणि चाल."

"काका, फळी होडीची आहे," मी बोललो. जीभ आवरली नाही.

"होडीत बसलाय का तो? तू तोंड मिट आणि तिकडंच थांब."

फर्गल चालत गेला. तो काठाला लागला आणि फळी नदीबरोबर गेली. लग्न मी इकडून पाहिलं. व्हिस्की माझी, फर्गलच्या काखेतून गेलेली, प्यायले ते.

उपाशी घरी आलो. आईनं बटाट्यांचा ढीग उकरला होता. आत काळा चिखल. तो वास मी अजून विसरलेलो नाही. सगळ्या शेतांत तेच. देवानं आमचं नको इतकं ऐकलं होतं. पुढं त्या वर्षी भुकेनं काय झालं, ते टोपी काढणारे सांगतील.

फर्गल तिकडंच घरजावई राहिला. नदीनं त्या घराला खायला दिलं, आणि साईव्ह दर आठवड्याला वल्ही मारत आमच्या दारात वाम मासे टाकून जायची. म्हणून मी आणि आई उरलो.

आता फर्गल आणि साईव्ह दोघंही नाहीत. थंडीत डबक्यावर पापुद्रा धरला, की मी काठी घेऊन बाहेर पडतो. सून ओरडते, "मामंजी, पडाल." पडायचं नसतं मला. किती जाड आहे, तेवढं बघायचं असतं.