चार बोटांची दुमड

गणवेशाच्या स्कर्टला खाली चार बोटं दुमड सोडायची, हा आमच्या शिवणाच्या दुकानाचा नेम. "पोरं म्हणजे वेल," बाबा म्हणतात, "आज माप घ्या, उद्या जुनं." हा नेम मी एकदाच मोडला. टाचणीसाठी.

टाचणी म्हणजे माझी मैत्रीण. बारीक, आणि टोचणारी. जीभ देताना देवानं तिला धार लावूनच दिली होती. मी गोल, म्हणून मला ती रीळ म्हणायची. रक्ताच्या आजारानं केस गेले, तेव्हा डोक्यावर हात फिरवत म्हणाली, "बघ रीळ, उवा बेघर झाल्या."

एका दुपारी तिची आई कापड घेऊन दुकानात आली. मी पडद्यामागे बटणं लावत होते. बोलता बोलता काकूंना रडू फुटलं. "डॉक्टर म्हणतात थंडीपर्यंत. तिला सांगितलं नाही, मास्तर. पण दहावीचा गणवेश हवा म्हणून हटून बसलीय."

"मी शिवते," मी बाबांना म्हटलं. मनात एकच: घालायचा तो आत्ताच, तर आत्ता छान बसू दे. नखभर कापड जास्त ठेवलं नाही.

गणवेश घालून टाचणीनं गिरकी घेतली. मग स्कर्टची कड उलटली.

"दुमड कुठाय?"

"फॅशन बदललीय."

"तुमच्या दुकानात? तुझ्या बाबांनी हेडसरांच्या पँटलासुद्धा चार बोटं सोडली होती. सर पन्नाशीचे!"

मला हसू आलं आणि त्यातच नाक वाहायला लागलं. टाचणी बघत राहिली.

"कधीपर्यंत?" तिनं हळूच विचारलं.

"थंडी," मी म्हटलं. खोटं बोलता येईना.

ती खिडकीकडे वळली. मग एकदम भडकली. "माझं माप देवानं घेतलं असेल तर घेऊ दे. तू कोण गं कात्री चालवणारी? घरात सगळे गोड बोलतात. आई परवा कॅरममध्ये मुद्दाम हरली. ती! वाटलं, निदान तू तरी भांडशील."

"मग भांडते! काढ तो स्कर्ट. पट्टी जोडते. पण जोड दिसेल हं."

"दिसू दे. तुझ्या शिलाईला तेवढीच शोभा."

उरलेल्या कापडाची चार बोटं पट्टी जोडून मी ती आत दुमडली. जोड दिसायचा. टाचणी तो सगळ्यांना दाखवायची.

थंडी आली, टाचणी होतीच. थंडी सरता सरता स्कर्ट आखूड वाटला. मी टेप लावला. एक बोट वाढली होती!

"डॉक्टरांना फोन लाव," ती ओरडली, "म्हणावं माप चुकलं!"

मी दुमडीतलं एक बोट उसवून खाली सोडलं.

उन्हाळ्यात ती गेली. जायच्या आधी बजावून गेली, "गणवेश कपाटात पुजून ठेवू नका. एखाद्या उलट उत्तर देणाऱ्या पोरीला द्या. गरीब गाईला अजिबात नाही."

काकूंनी तो आणून दिला. तेव्हापासून मी शोधतेय. मेल्या सगळ्या पोरी नको इतक्या गुणी! रात्री देवाला हात जोडून सांगते, एखादी आगाऊ धाड.

काल एक बारकी दुकानात आली. मी विचारलं, "मोठ्यांना उलट बोलतेस का गं?"

"तू कोण विचारणारी?" ती म्हणाली.

मी टेप काढला. तीन बोटं शिल्लक आहेत.