लीड्सची खोली

इशिताने बेडरूमच्या दारावर चिकटपट्टीने कागद लावला. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘लीड्स’ लिहिलं होतं आणि खाली एक छत्री काढली होती, कारण तिकडे सारखा पाऊस असतो असं तिनं कुठेतरी पाहिलं होतं.

“आई, आत जा. व्हिसा मिळाला तुला,” ती म्हणाली.

सुगंधा हसत आत गेली. किटली, ब्रेड, मॅगीची पाकिटं, लॅपटॉप, सगळं आधीच नेऊन ठेवलं होतं. बेडरूमला लागूनच संडास-बाथरूम, म्हणजे बाहेर यायला काही निमित्तच उरलं नाही.

ही रंगीत तालमीची कल्पना तिच्या नवऱ्याची, यतीनची. बेचाळिसाव्या वर्षी सुगंधा नोकरीतून वर्षभराची सुट्टी घेऊन पाणीशुद्धीकरणाचं शिकायला इंग्लंडला जाणार, हे शांती नगरच्या त्यांच्या सेक्टरमध्ये झाडून साऱ्यांना कळलं होतं, आणि मागे घर कसं चालणार याची काळजी ज्याला त्याला लागली होती. शेवटी यतीन वैतागला. म्हणाला, तू नाहीसच असं धरून एक आठवडा राहून बघू. हाक मारायची नाही, बाहेर यायचं नाही, बोलायचं ते संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर. अट मात्र सुगंधाने स्वतःच घातली. आठवडा नीट गेला तर जाईन, सासूबाईंचे हाल झाले तर तिकीट रद्द.

बोलून गेली खरी. पण तिला जायचं होतं, अगदी हावरटासारखं जायचं होतं. काशीमीऱ्याच्या लॅबमध्ये इतकी वर्षं टँकरच्या पाण्याच्या बाटल्या तपासून तिचं डोकं आंबून गेलं होतं. लग्नाआधी एकदा असंच बाहेर ॲडमिशन मिळालं होतं, ते तिनं सोडलं. आता पुन्हा सोडलं असतं तर जन्मभर स्वतःचंच तोंड बघवलं नसतं.

पहिले दोन दिवस बाहेर नुसता सावळागोंधळ. भांडी आदळत होती, कुकर बोंबलत होता, यतीन हिंगाची डबी शोधत कपाटाची दारं आपटत होता. हिंग मिठाच्या बरणीमागे आहे, एवढं सांगायला तिची जीभ वळवळत होती. कडीवर हात ठेवून ती उभी राहायची, आणि ओठ चावत परत पलंगावर जाऊन बसायची. गेलं आपलं लीड्स, असं तिला वाटायचं.

बुधवारी आवाज थांबले. म्हणजे चुकीचे आवाज थांबले. सकाळी फोडणी वेळेवर तडतडली, परातीच्या काठावर बांगडी वाजली. संध्याकाळी कॉलवर इशिता घुश्शात होती.

“आई, हे चीटिंग आहे हं.”

“काय केलं मी?”

“आम्ही उठायच्या आधी पोळ्या करून ठेवतेस. माझा युनिफॉर्मपण इस्त्री केलास. मग फायदा काय?”

“अगं, मी दारसुद्धा उघडलं नाहीये. शप्पथ.”

“बरोबर, भूत येऊन करतंय,” यतीन मागून म्हणाला. पोटभर जेवला होता, खुशीत होता.

आईंनी केलं असेल, असं सुगंधाने ठरवून टाकलं. यतीनच्या आई, सुलूताई, चार पावलं चालल्या की गुडघे धरून बसायच्या, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी ठरवलं. आठवडा नीट चाललाय ना? मग कशाला चौकशा.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या हंसाबेनचा फोन आला.

“सुगंधा, नाराज है क्या मेरे से? सकाळी खाली भाजीवाल्याकडे केवढ्या हाका मारल्या तुला. बघितलं पण नाही, सीधी निघून गेलीस.”

“मी नव्हते हो. मी आत बंद आहे.”

“अरे जा ना! तुझा पिवळा गाऊन मला ओळखता येत नाय काय?”

सुगंधाने स्वतःकडे पाहिलं. पिवळा गाऊन तिच्या अंगावर होता. तिनं चहासाठी किटली लावली आणि पाणी उकळायच्या आतच बंद केली.

त्या संध्याकाळच्या कॉलवर इशिताचा चेहरा स्क्रीनभर होता. तिच्या खांद्यामागे स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, आणि आत ओट्याशी पाठमोरी कुणीतरी पोळ्या लाटत होती. पिवळा गाऊन. वर बांधलेले केस, त्यात खुपसलेली पेन्सिल. सुगंधाचा हात आपल्या केसांकडे गेला. पेन्सिल जागेवर होती. लाटण्याचा आवाज भिंतीतून आधी येत होता आणि फोनमधून जरा उशिरा.

“इशू, मागे कोण आहे?”

इशिताने वळून बघितलं. “कोण नाही. आजी आहे.” मग चित्र अडकलं. “आई, ऐकू येतंय का? थांब, बाल्कनीत जाऊन परत लावते.”

सुगंधाने फोन पलंगावर टाकला आणि कडी काढली.

ओट्याशी कुणीच नव्हतं. गॅसवर तवा तापत होता, पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी होती. झालेल्या पोळ्या फडक्यात गुंडाळून फडक्याचं टोक खाली दुमडलेलं होतं. तसं या घरात फक्त तीच दुमडायची. कोपऱ्यात खुर्चीवर बसून सुलूताई मटार सोलत होत्या.

“दार कशाला उघडलंस गं?” त्या म्हणाल्या. रागाने नाही, हळहळून.

“आई, इथे कोण होतं?”

“तूच की. दुसरं कोण असणार?”

“मी आत होते.”

“तेच म्हणतेय. आत होतीस, तिथेच राहायचं होतंस. एवढं छान चाललं होतं.” सुलूताईंनी हातातली शेंग तशीच धरून ठेवली. “मीपण अशीच मागे वळले. परळला होतो आम्ही, यतीन मांडीवर. माझा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला होता. दाराशी ट्रंक, खाली टॅक्सी. दूध उतू जाईल म्हणून जरा स्टोव्हपाशी गेले. बाहेर आले तर ट्रंक नाही, आणि ती पण नाही.”

“ती कोण?”

“जिला जायचं होतं ती. शिकली असेल. हुशार होती.”

“मग परत नाही आली?”

“कशाला येईल? दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही दोघी मावणार कुठे?”

सुगंधा मागे फिरली. बेडरूमचं दार तिनं सताड उघडं टाकलं होतं, आणि आता ते बंद होतं. तिनं ढकललं, खांदा लावून ढकललं. आतून कडी होती.

आत तिचा फोन वाजला. आणि कुणीतरी उचलला.

“बोल गं इशू. कट झाला होता बघ,” दाराआडून तिचाच आवाज आला. मोकळा, हसरा. कित्येक वर्षांत तिला स्वतःला तो असा लागला नव्हता.

इशिता फोन तोंडासमोर धरून बाल्कनीतून आली आणि सोफ्यावर बसली.

“इशू!” सुगंधा धावत तिच्या खांद्यामागे गेली. “इशू, अगं मी इथे आहे!”

इशिता फोनमध्ये बघून हसत होती. भिंतीतून आधी आणि फोनमधून जरा उशिरा, आतली म्हणाली, “इशू, मागे कोण आहे?”

इशिताने वळून बघितलं. थेट सुगंधाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“कोण नाही,” ती म्हणाली. “आजी आहे.”

स्वयंपाकघरातून रिकाम्या तव्याचा करपट वास यायला लागला.

“सुगंधा,” सुलूताईंनी हळूच हाक मारली, “ये बाई. मला दिसतेस तू.”

सुगंधाने डोळे पुसले. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं गॅस बारीक केला आणि अर्धी राहिलेली पोळी लाटायला घेतली.