कापलेल्या कार्डाचं देणं

मी क्रेडिट कार्ड बोलतोय. नाक मुरडू नका. मी कुणाच्या घरी आपण होऊन घुसत नाही. सही करून मागवतात मला.

मला मागवणारा दातांच्या कवळ्या बनवायचा. दोस्त त्याला 'बत्तीशी' म्हणत. कवळी केसभरही इकडची तिकडे होऊ न देणारा हा पठ्ठ्या, पण पैशाच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद! माझ्या जिवावर त्याने सोफा घेतला. तो दारातून आत जाईना, म्हणून थोरल्या बहिणीच्या, ताईच्या घरी पाठवला आणि स्वतःसाठी दुसरा आणला.

बिलावर दर महिन्याला 'किमान रक्कम' छापून यायची. बत्तीशी तेवढीच भरायचा आणि 'सुटलो बुवा' म्हणायचा. उरलेल्यावर व्याज चढत होतं, पण मला विचारतो कोण?

मग त्याला परदेशात नोकरी लागली. त्या गडबडीत दोन महिने किमान रक्कमही भरायची राहिली. एका दोस्ताने अक्कल शिकवली, "विमानात बसलास की कोण येतंय मागे? कार्ड काप नि मोकळा हो."

बत्तीशीने खरंच कवळीच्या साच्याचं प्लास्टर कापायची बारीक करवत घेतली आणि माझे दोन तुकडे केले. मी मेलो की देणंही मेलं, अशी त्याची समजूत! दुखलं थोडं, पण हसू जास्त आलं. मला कचऱ्याच्या डब्यात टाकून तो शीळ घालत बॅग भरायला बसला.

तेवढ्यात ताई आली, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच. आईवडिलांमागे हिनेच त्याला वाढवलेलं. माझ्या अर्जावर 'जवळचे नातेवाईक' म्हणून नंबर तिचाच होता.

"बँकेतून फोन आला होता. तू कुठे आहेस, विचारत होते."

"काय सांगितलंस?"

"माहीत नाही म्हणाले. खोटं बोलले तुझ्यापायी."

"अगं, कार्ड कापलं मी. विषय संपला."

"अरे शहाण्या, वही फाडली म्हणून उधारी फिटते का? तू जाशील भुर्रकन. फोन मला येणार. गिऱ्हाइकांसमोर काय सांगू, भाऊ पळाला म्हणून?"

'पळाला' हा शब्द त्याला लागला.  त्याने उठून कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला. बँकेला फोन करायचा तर माझा नंबर हवा, आणि जुनी बिलं त्याने कधी जपली होती?

वरचा जबडा खालच्यावर बसवावा तसे त्याने माझे तुकडे जुळवले. पण मधला एक आकडा करवतीने अर्धा खाल्ला होता. तीन की आठ? ताईने सुईत दोरा ओवायचा चष्मा लावला. "आठ आहे. लाव फोन."

फोनवरच्या बाईंशी बोलताना त्याला घाम फुटला. पण नवा पत्ता, नवी नोकरी, नवा पगार, काही लपवलं नाही. झेपतील असे हप्ते बांधून मागितले. बाई दोनदा वरिष्ठांना विचारून आल्या आणि अखेर चोवीस हप्त्यांवर राजी झाल्या. पहिल्या हप्त्यासाठी त्याने स्वतःचा सोफा विकला.

निघताना दारात तो म्हणाला, "जातो गं."

"जातो नाही, येतो म्हणावं."

"येतो, ताई."

देणं बुडवून निघाला असता, तर हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नसता. दार लागल्यावर ताई रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

आज मी ताईच्या बटणांच्या डब्यात आहे. सात हप्ते फिटलेत. शेवटचा फिटला की ती मला फेकणार आहे, आणि माझी काही तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, तो परत येईल तेव्हा मी या घरात नसावा.