गुलाल धुताना

राजारामपुरीतल्या त्या हॉलबाहेर रांग पार रस्त्यावर आली होती. आत संजीवनबाबा काचेची नळी उजेडात धरून गर्जत होता, "बघा पावणं, तुमच्याच रक्तातनं सोनं काढलंय! यंत्र फिरतंय, मंत्र फिरतोय, टकलावर रान उगवतंय!" नळीत खाली लाल, वर पिवळं. लोकांनी हात जोडले. सगळ्यांत पुढं माझी थोरली बहीण आक्का आणि तिची लेक निशिगंधा.

मी त्वचारोगाचा डॉक्टर, पण डोक्यावर केस औषधालाही नाही. भाचीच्या टाळूवरचे गुळगुळीत चट्टे बघितले तेव्हाच मी म्हणालो होतो, "आक्का, ही साधी केसगळती न्हाय. आतनं मुळंच मरायला लागलीत. कातडीचा बारका तुकडा तपासू, लगेच औषध सुरू करू. म्हणजे बाकीचे वाचतील."

"स्वतःचं टक्कल हटंना, आणि पोरीचं डोकं कापायला निघालाय," आक्का म्हणाली. सगळं घर हसलं.

बाबाकडं दर गुरुवारी त्या पिवळ्या पाण्याची टाळूत सुई आणि वर लेप. अट एकच, डोक्याला पाणी लावायचं नाही, तेज वाहून जातं म्हणे. चट्टे केस उगवल्यागत काळे दिसायला लागले. निशू आरशासमोर आनंदानं रडली. नवस फेडायला मायलेकी जोतिबाच्या डोंगरावर गेल्या. तिथं गुलालातनं कोण सुटतंय? घरी येऊन डोकं धुवावंच लागलं.

आक्काचा फोन आला तसा मी धावलो. न्हाणीत गुलालाबरोबर काळं पाणी वाहत होतं. निशूनं टॉवेल डोक्याला घट्ट धरला होता. काढला, तर चट्टे आधीपेक्षा मोठे.

"आमचंच चुकलं रं, पाणी लावलं," आक्का म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "कसलं तेज? त्या लेपात काळी पूड हाय नुसती. बाजारात डबीत मिळती, चट्ट्यावर भुरभुरवली की केस वाटतात."

दोघींना दवाखान्यात नेलं. माझंच रक्त काढून यंत्रात फिरवलं. खाली लाल, वर पिवळं.

"घे, माझंबी सोनं. कुणाचंबी रक्त फिरवलं की जड ते खाली बसतं, हलकं वर राहतं. हे पिवळं टोचायचा उपचार खरा हाय, काहींना थोडाफार उपयोग होतो. पण मूळ जिवंत पाहिजे. मेलेल्या मुळाला त्याचा काय उपयोग?"

निशूनं हळूच विचारलं, "मामा, आता औषध घेतलं तर येतील न्हवं?"

"गेलेले न्हाय येणार, बाळा. उरलेले वाचवू."

"आणि तवाच आलो असतो तर?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "बरेच वाचले असते," मी म्हणालो. आक्का पदरात तोंड घालून रडत राहिली. मलाही आवरलं नाही.

बाबाच्या हॉलबाहेर आजही रांग आहे. त्यातल्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, सुई टोचणाऱ्याला आधी विचारा, मला रोग कुठला झालाय? सांगता येत नसेल तर तिथनं उठा, आणि आजच उठा. तुम्ही रांगेत उभे आहात म्हणून रोग थांबत नाही.